गाव कुठंय? तुम्ही बसलात तिथेच!

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये यॉर्कला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंनी मोठ्या कौतुकाने वॉरम पर्सी नावाचं जुनं गाव दाखवायला नेलं. गाडी लावून बरंच चालत उतरलो आणि बघतो तर काय, नुसतं गवत, उंचवटे आणि छप्पर नसलेलं चर्च. प्लेगने गाव मेलं म्हणे. पण मग रिकामं माळरान एवढं जपायचं कशाला?

उत्तर: काका, ज्या उंचवट्यावर बसून तुम्ही डबा खाल्लात (खाल्लाच असणार!) तेच घर. नीट बघितलं तर लांबट चौकोन दिसतो, मागे परसाची पट्टी, तिच्या कडेने बांध, आणि अशी घरं ओळीने. आपल्याकडे जुन्या गावठाणाला पांढरी म्हणतात ना, तशीच ही, फक्त गवताखाली.

प्लेगचं म्हणाल तर अर्धंच खरं. १३४८-४९ च्या साथीत माणसं गेली पण गाव टिकलं, नंतरही दीडेकशे वर्षं नांदलं. बेचिराग केलं ते मेंढ्यांनी! लोकरीला भाव आला, जमीनदारांना नांगरापेक्षा कुरण परवडायला लागलं आणि १५०० च्या सुमारास उरलेल्या चार घरांनाही उठवलं, घरं पाडली. गंमत बघा, ज्या कुरणाने गाव उठवलं त्यानेच ते राखलंही, कारण नांगर फिरला असता तर आज हे उंचवटे दिसलेच नसते. म्हणून तर जपणूक म्हणजे तिथे फार काही न करणं, गुरं चरू देणं, बस्स.

इतिहासकार बेरेस्फर्ड आणि पुरातत्त्वज्ञ हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात तिथे खोदकाम झालं, तरी थोडाच भाग उघडलाय, बाकीचं पुढच्यांसाठी राहू दिलंय आणि मला विचाराल तर हेच शहाणपणाचं. निघालेल्या माणसांच्या काही हाडांवर कापल्या-जाळल्याच्या खुणा होत्या, मेलेले उठून येऊ नयेत म्हणून हे केलं असावं असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. भुताची भीती काय आपल्याकडेच असते होय!

पुढच्या वेळी हिवाळ्यात जा, तिरप्या उन्हात सावल्या पडून घरांचे कोपरेन्‌कोपरे दिसतात. आणि चर्चच्या भिंतीत बुजवलेल्या कमानी शोधा, गाव भरभराटीला आलं तेव्हा बाजूला दालनं वाढवली होती, माणसं कमी झाल्यावर ती पाडून कमानी चिणून टाकल्या.