भाचीला घर नाही, कॉलेज करायचंय

प्रश्न : ताई, मी खानापूरची. माझी भाची इंग्लंडमध्येच जन्मलेली, वय १९, घरी भांडण होऊन बाहेर पडली, आता हॉस्टेलात राहते. बारावीसारखा कोर्स करायचाय, पण कुणीतरी सांगितलं शिकायला लागलीस की भाड्याची मदत बंद. खरं काय?

उत्तर : मावशी, अर्धं खरं आहे बघा. तिकडे फुलटाइम शिकणाऱ्याला साधारणपणे भाड्याची मदत मिळत नाही, पण तुमच्या भाचीसाठी सूट आहे, वय २१ व्हायच्या आत बारावीच्या पातळीपर्यंतचा कोर्स सुरू केला आणि आईबापाशी संबंध तुटलेत हे दाखवलं तर युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी तिथली सरकारी मदत, मागता येतं. आणि देखरेखीच्या हॉस्टेलचं भाडं असेल तर ते हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे कौन्सिलकडून (तिथली नगरपालिका) मिळतं, दोन वेगळे अर्ज, तिथंच पोरं गोंधळतात.

खरी गोची पार्टटाइम नोकरीत. असल्या हॉस्टेलांचं भाडं भरमसाट, आणि हिशेबातली ठरलेली रक्कम ओलांडली की त्यावर हातात येणाऱ्या प्रत्येक पौंडामागे (१०० पेन्स) हाउसिंग बेनिफिटचे ६५ पेन्स कापतात, मग पोरगी म्हणणारच, कशाला राबू! तेव्हा शिफ्ट घेण्याआधी हॉस्टेलच्या वर्करकडून हिशेब मांडून घ्यायला सांगा.

पुढं डिग्रीला गेली की नियम बदलतात, तिथं स्टुडंट लोन, पण संबंध तुटलेले सिद्ध झाले तर आईबापाचं उत्पन्न धरत नाहीत. त्यासाठी शिक्षक किंवा सोशल वर्करचं पत्र आत्ताच घेऊन ठेवायला सांगा. आपल्याकडं बेळगावात कागदासाठी हेलपाटे असतात ना, तिकडंही तेच.