विक्रांत कराचीला गेलीच नव्हती

4 डिसेंबर, म्हणजे नौदल दिन जवळ आला की हे फॉरवर्ड हमखास फिरतं. तुम्ही विचारलंय त्यात 1971च्या भारत-पाक युद्धाबद्दल तीन दावे आहेत: विक्रांत या आपल्या विमानवाहू नौकेने कराची जाळली, छोट्या क्षेपणास्त्र नौका मुंबईहून थेट कराचीवर चालून गेल्या आणि आपल्या ‘राजपूत’ या विनाशिकेने ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीला गाठून बुडवलं. पहिला साफ खोटा, दुसरा अर्धा खरा, तिसऱ्यावर अजून वाद आहे.

विक्रांत 1971च्या युद्धात पूर्वेला, बंगालच्या उपसागरात होती. तिच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाववर हल्ले केले. तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे ती पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती. विमानवाहू नौकेच्या बाबतीत ही बारीकसारीक तक्रार नव्हे. विमान उडवायला डेकवर समोरून वारा लागतो आणि तो वारा बराचसा जहाजाच्या वेगातूनच मिळतो. शिवाय पश्चिमेला पाकिस्तानी पाणबुड्या टपलेल्या. अशा जहाजाला कराचीसमोर नेणं म्हणजे आयतं सावज देणं. मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी असताना मीही जाऊन आलोय. तिथेही कुणीतरी मुलाला सांगत होतं, ‘हीच ती, कराचीवाली!’ मी गप्प बसलो, बाप-लेकाच्या मध्ये कोण पडणार.

आता खरी कराचीवाली मंडळी. सोव्हिएत बनावटीच्या, जेमतेम 200 टनांच्या आसपासच्या ओसा वर्गाच्या नौका. प्रत्येकीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं, पल्ला साधारण 40 किलोमीटर. वेग जबरदस्त, पण इंधन तुटपुंजं. मुळात त्या आपल्या किनाऱ्याजवळ राहून बचाव करण्यासाठी बांधलेल्या. मुंबई ते कराची सुमारे 500 सागरी मैल, म्हणजे वेगाने जाऊन परत येणं हिशोबातच बसत नव्हतं. त्यामुळे आधी सौराष्ट्राचा किनारा गाठून तिथून झेप घ्यायची, अशी आखणी झाली. गंमत म्हणजे या नौका भारतात आल्या तेव्हा त्या उतरवण्याएवढी मोठी क्रेन मुंबईत नव्हती. त्या कोलकात्यात उतरवल्या आणि तिथून दोराने ओढत मुंबईला आणल्या. त्यातूनच ‘यांना ओढत लांबवर नेता येतं’ हे ध्यानात आलं.

4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तिघी एकट्या नव्हत्या. सोबत किलतान आणि कच्छल या पाणबुडीविरोधी नौका होत्या, कारण क्षेपणास्त्र नौकांना पाणबुडी शोधायची साधनंच नव्हती. रात्र निवडली तीही धाडस दाखवायला नव्हे. पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर हल्ला करता येत नव्हता, तेव्हा उजाडायच्या आत निसटायचं होतं. निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली. खैबरच्या लोकांना शेवटपर्यंत वाटलं की विमानाने हल्ला केलाय, त्यांनी तसाच संदेशही पाठवला. वीरने ‘मुहाफिज’ हे सुरुंगशोधक जहाज बुडवलं. नंतर पाकिस्तानी हवाई दलाने घाईत आपल्याच ‘झुल्फिकार’ला भारतीय नौका समजून झोडपलं. युद्धाच्या भीतीत आणि घाईत जहाज ओळखणं किती कठीण असतं, ते यावरून कळावं.

आणि कराची बंदरातल्या केमाडीच्या तेलटाक्या? त्या जळाल्या हे खरं, पण श्रेय एकट्या नौदलाचं नाही. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनीही त्यांच्यावर हल्ले केले होते. 8 डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ ही आणखी एक क्षेपणास्त्र नौका जाऊन आली, तेव्हाही टाक्या पेटल्या. कुठली टाकी कुणी पेटवली यावर दोन्ही दलांचे निवृत्त अधिकारी अजून तावातावाने भांडतात. आपण त्यात पडू नये.

गाझीचं सांगतो. बंगालच्या उपसागरापर्यंत पोचण्याचा पल्ला असलेली पाकिस्तानची ही एकमेव पाणबुडी होती, त्यामुळे विक्रांतच्या मागावर तिलाच पाठवलं. विक्रांत अंदमानात लपवलेली होती आणि पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमलाच आहे असा आभास निर्माण केला. राजपूतने पाण्यात खोल फुटणारे बॉम्ब टाकले, हे खरं. पण पाकिस्तान म्हणतं की गाझी स्वतःच्याच सुरुंगाने फुटली, आणि आपल्याकडचेही काही जण आतल्या स्फोटाचीच शक्यता जास्त मानतात. कारण काहीही असो, हुलकावणीचा डाव मात्र शंभर टक्के लागला.

फॉरवर्डमध्ये ‘खुकरी’ कधीच नसते. ती आपल्या नौदलाची, खास पाणबुड्या मारण्यासाठी बांधलेली नौका, आणि 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीनेच तिला बुडवलं. हंगोरची कान लावायची यंत्रणा खुकरीच्या ‘सोनार’ या पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेपेक्षा लांबचं ऐकत होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 194 जण गेले. दीवला टेकडीवर समुद्राकडे तोंड करून तिची काचेत ठेवलेली प्रतिकृती आहे. कधी गेलात तर किल्ला बघून परत फिरू नका.