मुलगा म्हणतो, मला माणसंच नकोत

प्रश्न: दादा नमस्कार, घणसोलीहून लिहितेय. मुलगा २४ वर्षांचा, महापेला आयटीत, नाइट शिफ्ट. तीन-चार महिने झाले म्हणतोय नोकरी सोडतो आणि उत्तराखंडच्या जंगलात एकटा जाऊन राहतो, फोनपण नेणार नाही. का विचारलं तर म्हणतो मला माणसंच नकोत. गेल्या आठवड्यात त्याची गिटार शेजारच्या मुलाला देऊन टाकली. ह्याचे बाबा म्हणतात नाटकं आहेत, लग्न लावून देऊ. काय करू?

उत्तर: ताई, लग्नाचं आधी बाजूला ठेवा प्लीज. रामदास स्वामी 'सावधान' ऐकून मांडवातून पळाले ही गोष्ट आपल्याकडे पोरांनापण माहितीय, पण ते पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिले ते रोज माधुकरी मागून, म्हणजे एकांत होता तरी माणसांच्या दारात रोज जाणं होतंच.

ते नसलं की काय होतं ते अमेरिकेतल्या ख्रिस मॅककँडलेसचं झालं. १९९० ला कॉलेज संपवून २४ हजार डॉलर दान केले, घरच्यांवर राग होता, त्यांना पत्ताच कळू दिला नाही, आणि एप्रिल १९९२ मध्ये अलास्काच्या जंगलात एका जुन्या बसमध्ये एकटा जाऊन राहिला. जुलैत तो परत निघाला होता हो, पण नदी फुगलेली, थोडं खाली गेला असता तर हाताने ओढत पलीकडे जायचा तारेवरचा पाळणा होता पण जवळ नीट नकाशा नव्हता, मागे फिरला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने गेला. सुख कुणासोबत वाटलं तरच खरं असं शेवटी एका पुस्तकात लिहून ठेवलेलं त्याने.

मी स्वतः बावीसाव्या वर्षी बीएस्सीला नापास झाल्यावर हरिश्चंद्रगडावर गुहेत चार दिवस एकटा राहिलोय. डोंगराची ओढ वगैरे नंतर लागली, तेव्हा गेलो कारण घरात जेवताना कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. म्हणून तुमचा मुलगा कुठे जातोय यापेक्षा कशापासून जातोय ते विचारा, आणि बाबांनीपण विचारायला हवं. वर्षभर रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या पोराचे मित्र आपोआप सुटतात, मग माणसं नकोत असंच वाटायला लागतं.

मला जास्त काळजी गिटारची वाटतेय. जीव लावलेली वस्तू अशी देऊन टाकणं साधं नसतं, म्हणून आजच शांतपणे स्पष्ट विचारा, जगणंच नकोसं झालंय का तुला. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट पोरं मोकळी होतात. हो म्हणाला किंवा नुसता गप्प बसला तरी एकटं सोडू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी फुकट नंबर आहे, रात्रीपण लागतो, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

तसं काही नसेल आणि खरंच जंगल हवं असेल तर अडवू नका, एकटं राहावंसं वाटणं हा आजार नाही. आधी शिफ्ट बदलून घेऊ दे, मग जाऊ दे आठ दिवस, फक्त परतायची तारीख सांगून आणि पायथ्याच्या गावातल्या एका घराचा नंबर तुमच्याकडे ठेवून.