पूरग्रस्तांना जुने कपडे पाठवावेत की पैसे?

पैसे. कपडे अजिबात नकोत.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे राज्यभरातून ट्रक भरभरून मदत आली. लोकांचं मन मोठं, यात वादच नाही. पण गाठोडी सोडली की आत विटक्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी. ते निवडत बसायला माणसं लागतात, आणि ती माणसं तेव्हा घरातला चिखल उपसत असतात.

पहिले दोन-चार दिवस पाणी, शिधा, औषधं लागतात. ते जवळपासची गावंच पुरवतात. भाकऱ्या थापून टेम्पोत घालणाऱ्या बाया कुठल्या संस्थेची वाट बघत नाहीत! खरी ओढाताण पाणी ओसरल्यावर. खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गाद्या, मुलांची दप्तरं. आणि जनावरांचा चारा, तो तर हमखास विसरला जातो. दावणीची म्हैस उपाशी असली तर शेतकऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

पैसे मुख्यमंत्री सहायता निधीत द्या किंवा तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी गावात फोन करून विचारा. आणि जमलं तर दोन महिन्यांनी पाठवा. तोवर बाकीच्यांचे ट्रक थांबलेले असतात.