एका दिवशी एकच जागा

प्रिय पोरी,

तुझा परवाचा मेसेज तीन वेळा वाचला. मागच्या वर्षी बर्लिनला नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या त्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या मेमोरिअलमध्ये तुला काहीच वाटलं नाही, मैत्रिणींबरोबर फोटो काढले, ठोकळ्यांच्या मधून पकडापकडी झाली, आणि आता ईस्टरला ग्रुप परत निघालाय तर जाऊ का नको, गिल्टी वाटतंय, मी दगड आहे का काका. असं लिहिलंयस.

जा. आणि दगडबिगड काही नाहीयेस.

पण खाली जो प्लॅन पाठवलायस तो बघून मात्र माझं डोकं फिरलं. दोन दिवसांत अकरा ठिकाणं? ब्रांडेनबुर्ग गेट, राइशटाग, मेमोरिअल, चेकपॉइंट चार्ली, भिंत, स्टासी म्युझियम, प्रत्येकी चाळीस मिनिटं आणि मधे करीवुर्स्ट. अगं मागच्या वेळी काही वाटायला तुला वेळ तरी कुठे होता! आधी ही यादी फाड. एका दिवशी एकच जागा. चार दिवस असतील तर चार जागा. बस.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पस्तिशीचा होतो, कंपनीचं काम संपून दीड दिवस मोकळा मिळाला होता आणि माझी यादी तुझ्याहून लांब होती. होहेनशोएनहाउझेनला पूर्व जर्मनीच्या स्टासीचा, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचा तुरुंग आहे, तिथे कधीकधी स्वतः कैदी राहिलेली माणसंच तुम्हाला आत फिरवतात. आमच्या वेळी एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी एका कोठडीचं दार उघडलं, म्हणाले मी इथे होतो, आणि आईला लिहिलेल्या पत्राबद्दल काहीतरी सांगायला लागले. मी घड्याळ बघितलं, उशीर झाला होता, हळूच मागच्या मागे सटकलो. का, तर अंधार पडायच्या आत चेकपॉइंट चार्ली बघायचं होतं. पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या हद्दीवरची ही चौकी, पण तिथली चौकी खरी नाही, नंतर उभी केलेली प्रतिकृती आहे, आणि तेव्हा तिथे युनिफॉर्म घालून पैसे घेऊन फोटोला उभे राहणारे लोक असायचे. खऱ्या कैद्याला अर्ध्या वाक्यात सोडून मी नकली सैनिकाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. तो फोटो अजून आहे माझ्याकडे, फेकवत नाही. त्या पत्राचं पुढे काय झालं ते मला आता कधीच कळणार नाही.

म्हणून म्हणतो, एका दिवशी एकच जागा.

दुसऱ्यांदा बायको-मुलांना घेऊन गेलो तेव्हा हट्टाने तसंच केलं. बायरिशर प्लाट्झ स्टेशनला उतरून बाहेर आलो आणि अख्खी सकाळ त्या एका वस्तीत फिरलो. साधी राहती वस्ती आहे, बाल्कन्यांत कुंड्या, खाली बेकरी. आईनस्टाईन राहायचे त्याच भागात. तिथे दिव्याच्या खांबांवर ८० पाट्या लावल्यात, १९९३ पासून, एका बाजूला बालभारतीच्या पुस्तकातल्यासारखं सोपं चित्र आणि दुसऱ्या बाजूला नाझींच्या काळातला एकेक नियम, तारखेसकट. ज्यूंनी बर्लिनमध्ये वाणसामान फक्त दुपारी ४ ते ५ या वेळेतच घ्यायचं, जुलै १९४०. ज्यूंना घरात पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १९४२. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, त्याला मी ही पाटी वाचून दाखवली तर म्हणाला, म्हणजे मोत्यासारखा कुत्रा पण? मग कोणाला द्यायचा? आणि बराच वेळ तिथून हलेना. त्या दिवशी झू राहिला. बायको अजून काढते तो विषय, नातेवाईक म्हणाले पोरांना सुट्टीत रडवायला नेलं. मला नाही वाटत चुकलो असं. वीस वर्षांनी त्याला प्राणिसंग्रहालयातला कुठला प्राणी आठवला असता? ती पाटी आठवते, मी विचारलंय त्याला. सगळं एकदम सुरू झालं नव्हतं, आधी बागेतला कुठला बाक वापरायचा ते, मग वाण्याच्या दुकानाची वेळ, मग कुत्रा, हे त्याला वयाच्या दहाव्या वर्षी कळलं, मला पस्तिशीत सुद्धा कळलं नव्हतं. असो. चिडून लिहितोय असं वाटेल तुला, तुझ्यावर नाही चिडलेलो.

आता तुझ्यासाठी. एक दिवस बर्लिनच्याच डालेम भागात काढ, इहनेश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी पीएचडीला गेल्या ती मानववंशशास्त्राची संस्था तिथे होती. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचे मोठे पुरस्कर्ते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि युरोपियन कवटी वेगळी असते असं काही दिसत नाही हे तिथेच, त्यांच्याच हाताखाली लिहून दिलं. ऑशवित्झमध्ये मारलेल्यांचे अवयव पुढे ज्या संस्थेत अभ्यासाला आले ती हीच. भिंतीवर पाटी आहे. तू सुद्धा पीएचडीला गाइडपुढे तोंड उघडायला घाबरतेस ना, मग त्या दारासमोर जरा उभी राहा.

आणि एक दिवस ग्रुनेवाल्ड स्टेशन. एस-७ लोकल पकडायची. प्लॅटफॉर्म १७ वरून आता गाड्या जात नाहीत, रुळांमधून झाडं उगवलीत ती तशीच ठेवलीत. प्लॅटफॉर्मच्या कडेला १८६ पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू, कुठे नेले. बर्लिनमधून असे ५० हजारांवर ज्यू घेट्टो आणि छळछावण्यांकडे नेले, त्यातले बरेचसे इथून. रेल्वेने त्यांचं थर्ड क्लासचं भाडं लावलं, किलोमीटरमागे ४ फेनिग (तिथले पैसे), लहान मुलांना अर्धं. हे अर्धं तिकीट मला पचत नाही, आपण पण एसटीत मुलाचं अर्धं काढतो ना.

ग्रुपवाले कुरकुर करतील. करू देत, त्यांना सांग रात्री जेवायला भेटू. फोटो काढ, त्यात पाप नाही, पण निघायच्या आधीची दहा मिनिटं, त्याआधी फोन बॅगेत. रडू आलं नाही तरी चालेल, ती काही परीक्षा नाहीये. आणि परत आल्या आल्या आपल्याकडच्या ग्रुपवर अमका म्हणजे हिटलर, तमका म्हणजे नाझी असलं सुरू करू नकोस, निदान महिनाभर. ते मेलेले लोक आपल्या भांडणात वापरायला नाहीत.

ग्रुनेवाल्डला १९४१ च्या ऑक्टोबरच्या पट्टीपासून सुरू कर आणि सावकाश चालत दुसऱ्या टोकाला जा. १९४५ च्या मार्चपर्यंत तारखा आहेत, रशियन सैन्य ओडर नदीपर्यंत येऊन ठेपलं होतं तरी माणसं पाठवतच होते. कुठल्यातरी एका पट्टीपाशी पाय थांबतील तुझे. तिची तारीख आणि आकडा मला पाठव. मी कुठली ते तुझा मेसेज आल्यावर सांगतो.

तुझा
काका