कमरेवरच्या हातांचा अर्थ

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

आषाढी एकादशीला मुलांसमोर विठ्ठलमूर्तीविषयी बोलायचे म्हणून तू केलेले टिपण आणि सोबतचे रेखाचित्र मिळाले. टिपणात तू एका बाजूला मूर्तीचे अवयव आणि अलंकार मांडून दुसऱ्या बाजूला त्यांचे अर्थ लिहिले आहेस: वीट म्हणजे स्थैर्य, तुळस म्हणजे पावित्र्य, पीतांबर म्हणजे वैराग्य. यात चुकीचे म्हणावे असे फारसे नाही. पण असा तक्ता कोणत्याही देवाचा करता येईल आणि पंढरीचा देव त्यात कुठेच भेटणार नाही, ही माझी खरी अडचण आहे.

तू आधी त्याच्या उभे राहण्याकडे बघ. नटराजाचा एक पाय उचललेला असतो, मुरलीधर देहाला तीन ठिकाणी बाक देऊन उभा असतो, आणि विठ्ठल मात्र दोन्ही पावले जुळवून, दोन्हींवर सारखा भार देऊन उभा आहे. संतांनी यालाच समचरण म्हटले. तू स्वतः असे अर्धा तास उभी राहून बघ, म्हणजे थोड्याच वेळात शरीर एका पायावर रेलायला कसे बघते ते कळेल. वाट पाहणारा माणूस सारखा पाय बदलत असतो. हा देव, नामदेवांच्या आरतीत म्हटल्याप्रमाणे, अठ्ठावीस युगे तसाच उभा आहे. तो थांबला आहे कारण पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत आहे आणि ती सेवा अर्धवट टाकून देवाकडे वळायला तो तयार नाही. म्हणून विटेचा अर्थ नुसता स्थैर्य असा लिहू नकोस. इतर देवांना मूर्तिकार कमळाचे आसन देतात. इथे भक्ताने हाताशी होती ती भाजलेल्या मातीची वीट पुढे केली आणि देवाने तीच आपली जागा मानली.

आता हात. मी आठ-नऊ वर्षांचा असताना घरच्यांबरोबर चंद्रभागेत उतरलो होतो. पाणी गढूळ होते, तळ दिसत नव्हता आणि मी काठावरच अडून बसलो होतो. मामा पुढे गेले, वळून उभे राहिले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, ‘‘हे बघ, एवढंच आहे पाणी.’’ मी उतरलो. पुढे बऱ्याच वर्षांनी आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेले पांडुरंगाष्टक वाचताना, माझ्या भक्तांना भवसागर एवढाच खोल आहे हे दाखवण्यासाठी ज्याने दोन्ही हातांनी कंबर धरली, अशा अर्थाची ओळ समोर आली, तेव्हा मला मामांच्या कोपरांवरून निथळणारे पाणी आठवले. मुलांना हाच अर्थ सांग, कारण पाण्याची खोली अंगावर हात लावून दाखवणे त्यांना ठाऊक असते. चित्रात तू तळवे रिकामे काढले आहेस. मूर्तीच्या रूढ वर्णनाप्रमाणे डाव्या हातात शंख आणि उजव्या हातात कमळाचा देठ आहे. चक्र आणि गदा मात्र नाहीत, आणि आशीर्वादासाठी उचललेला हातही नाही, हे आवर्जून दाखव.

मकरकुंडले, कौस्तुभ आणि पीतांबर ही विष्णूच्या इतर रूपांवरही आढळतात, तेव्हा त्यांच्यावर फार वेळ घालवू नकोस. तुळशीच्या माळेपाशी मात्र एवढे सांग की तीच माळ वारकऱ्याच्या गळ्यात असते.

पावलांकडे पुन्हा ये. पंढरपुरात भक्ताला देवाच्या पायांवर डोके ठेवता येते. गर्दीच्या रेट्यात क्षणभरच ते जमते, पण कपाळाला लागलेला दगडाचा गारवा मंदिराबाहेर येईपर्यंत जाणवत राहतो. ज्या पावलांना आपण सम म्हणतो, तिथवर पोचणे अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना शतकानुशतके नाकारले गेले होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे, आणि मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. मुलांना हे जड जाईल असे वाटून तू गाळशील, अशी मला भीती वाटते. गाळू नकोस, समचरण हा शब्द उच्चारून त्याचा हा इतिहास टाळणे मला अप्रामाणिक वाटते.

एक दुरुस्ती राहिली. आरतीत रखुमाई डाव्या बाजूला आहे आणि तू ती तशीच काढली आहेस, ते राहू दे. पण पंढरपुरात तिचे मंदिर वेगळे आहे, हे मुलांना सांग. तिचेही हात कमरेवरच असतात. ते का, असे एखादी मुलगी नक्की विचारील. तेव्हा घाईने उत्तर देऊ नकोस, आधी तिला काय वाटते ते ऐक आणि मला कळव. चित्रातला उजवा पाय किंचित पुढे आला आहे, तेवढा मागे घेऊन नवे रेखाचित्र पाठव.

तुझे,
सर