मॉरिशसला बिऱ्हाड हलवताय? तिथले मराठी लोक आधी समजून घ्या

एबेन या तिथल्या आयटी नगरीत नोकरी, मुलगी सात वर्षांची, आणि तुमचा प्रश्न: तिथे आपली माणसं भेटतील का, तिचं मराठी टिकेल का? दोन्ही होईल. मात्र 'आपली माणसं' म्हणजे पुण्यामुंबईहून आलेली आयटीतली मंडळी एवढाच अर्थ धरू नका. तिथे मराठी समाज एकोणिसाव्या शतकापासून आहे. उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांचे हे वंशज. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले पुष्कळ होते.

नवे लोक चुकतात ते पहिल्याच भेटीत. समोरचा मराठी म्हणवतो, पण घरात क्रेओल बोलतो. 'मराठी येत नाही?' असं चुकूनही विचारू नका, फार लागतं. क्रेओलचा पाया फ्रेंच असला तरी ती वेगळी भाषा आहे. 'बोंझूर', 'की मान्येर' (कसं काय) आणि 'मेर्सी' एवढ्यावर सुरुवात करा. दुसरं असं की रोजच्या बोलण्यात 'हिंदू' म्हणजे बहुधा हिंदी-भोजपुरी घराणी. मराठी, तमिळ, तेलुगू स्वतःला वेगळे सांगतात. आडनावावरूनही अंदाज बांधू नका. पणजोबाचं पहिलं नावच अनेकदा आडनाव झालंय, तेही कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

गणपतीला कास्काव्हेल किंवा आँरिएता या गावांना जा. आँरिएतात १८९६पासून गणेशोत्सव होतो असं सांगतात. सार्वजनिक सुट्टी चतुर्थीला नसून दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते (२०२५मध्ये २८ ऑगस्ट). आपल्या पंचांगावरून रजा टाकाल तर दिवस चुकेल. तिथला 'झाकरी' नाच बघाच. कोकणातली जाखडी ज्याने पाहिली आहे त्याला नातं सांगावं लागत नाही.

मुलीसाठी: सरकारी प्राथमिक शाळेत मराठी ऐच्छिक विषय आहे, पण प्रत्येक शाळेत नाही. म्हणून घर भाड्याने घेण्याआधी शाळेत विचारा. खासगी शाळांचा याबाबत भरवसा धरू नका. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतही मराठी शिकवतात. करारी मजुरांची दप्तरं तिथेच आहेत. नोंदीत गाव, जिल्हा, जहाज आणि क्रमांक असतो. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत इतकं वाकडं झालेलं असतं की मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. शेजाऱ्याने असा कागद दाखवला तर वेळ काढून बसा. कोकणातली गावं ओळखणारा माणूस त्यांना सहजी मिळत नाही.

राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे करारी मजूर जहाजातून उतरत ती जागा, पहिल्या महिन्यातच बघा. १८३४पासून सुमारे पाच लाख मजुरांचा हा प्रवास सुरू झाला. पण ल मॉर्नचा डोंगरही तेवढाच महत्त्वाचा: पळालेले गुलाम तिथे लपत. बेटाचा इतिहास मजुरांपासून सुरू होत नाही, हे मुलीला नीट सांगा. चायनाटाउनमधल्या हक्का (चिनी वंशाच्या) घराण्यांचीही ओळख करून घ्या.

सामानाचं थोडक्यात: आपले तीन गोल पिनांचे प्लग बसत नाहीत, तिथे ब्रिटिश चौकोनी पिनांचे आणि फ्रेंच दोन पिनांचे चालतात. रोपं, बिया परवान्याशिवाय नेऊ नका. नोव्हेंबर ते मे वादळांचा हंगाम असतो आणि इशारा चार पायऱ्यांचा. तिसऱ्या पायरीला बस बंद होते, त्यामुळे किराणा आणि पाणी पहिल्या पायरीलाच भरून ठेवा.